कडक भाकरीचा आवाज

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस सरता सरता शाळू पेरला जातो. पुढे पाऊस येवो न येवो, जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर हे पीक थंडी काढतं आणि माघ-फाल्गुनात पांढऱ्या टपोऱ्या दाण्यांची कणसं खुडायला येतात. मालदांडी हे या ज्वारीचं नाव. २०१६ साली मंगळवेढ्याच्या या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरात मानांकन आजीच्या दातांकडे होतं. पोतं घेण्याआधी ती एक दाणा दाढेखाली फोडायची आणि मग मान हलवायची.

या पिठाला ताण नसतो. कणकेसारखं लाटायला घेतलं तर कडा फुटतात, उचलायला गेलं तर तुकडे हातात येतात. म्हणून आधणाचं पाणी घालायचं, तळहाताने रगडून रगडून मळायचं आणि परातीत पीठ पसरून थापायचं. गव्हात ग्लूटेन नावाचं जे चिवट प्रथिन असतं ते ज्वारीत नाही, याचा हा हाताला कळणारा पुरावा. कडक भाकरी तर आणखी पातळ थापावी लागते. तव्यावर भाजून झाली की तिच्यातली ओल पूर्ण उडेपर्यंत मंद आचेवर ठेवायची. मग ती दिवसेंदिवस टिकते, डब्यात उभी राहते, प्रवासाला जाते. हल्ली बचत गटांच्या बायका ती करतात आणि पाकिटांतून पुण्या-मुंबईला पाठवतात. मोडली की ‘कट्’ असा स्वच्छ, कोरडा आवाज येतो.

माझा भाचा त्या आवाजासाठी जेवायला बसतो.

तो सात वर्षांचा आहे आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. बोलणं थोडं. भूक लागली की तो ‘कट्’ म्हणतो, आणि घरातलं कुणीही असो, उठून डबा उघडतं. त्याचं ताट स्टीलचं, कप्प्यांचं. एका कप्प्यात कडक भाकरीचे तुकडे, एकात शेंगाचटणी, एकात पांढरा मोकळा भात, वाफ पूर्ण गेलेला. चटणी भाताला लागता कामा नये. दूध त्याच्याच पेल्यात. चटणी त्याच्यासाठी कमी तिखटाची करतात, पण उखळात कुटलेलीच लागते, शेंगदाण्याचं तेल सुटून ती हाताला किंचित ओशट झाली पाहिजे. मिक्सरमधली त्याने बोटाने चाचपली आणि कप्पा दूर सारला. आमटीत कुस्करलेली भाकरी, कालवलेला वरणभात, वांग्याची भाजी, टोमॅटोच्या बिया, काळे ठिपके पडलेलं केळं, यांतलं काहीच त्याच्या ताटाच्या जवळ येऊ शकत नाही.

खूप दिवस मी त्याचं खाणं नुसतं बघत बसायचे. बघता बघता वाटायला लागलं की यात हट्टापेक्षा वेगळं काहीतरी आहे. वांग्याची भाजी रोज निराळी होते. एखादी फोड गळते, एखादी घट्ट राहते, एखादी बी कडू निघते. पोळी सकाळी मऊ आणि दुपारी चिवट. ज्याच्या जिभेला, नाकाला आणि कानाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, त्याला प्रत्येक घासात नवा अनोळखी माणूस भेटत असणार. कडक भाकरी मात्र आज, उद्या, परवा तीच असते. दातांना काय लागणार आणि कानाला काय ऐकू येणार, हे त्याला घास घेण्याआधीच ठाऊक असतं.

स्वमग्नतेच्या वैद्यकीय इतिहासाच्या पहिल्या पानावरच हे जेवण आहे. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या अकरा मुलांबद्दल एक लेख लिहिला. त्यातल्या पहिल्याच मुलाच्या हकिगतीत आईवडिलांची तक्रार आहे की खाणं ही याची कायमचीच अडचण. कॅनर यांनी निरीक्षण नोंदवलं की बाहेरच्या जगाची मुलाच्या आयुष्यात होणारी पहिली घुसखोरी म्हणजे अन्न. पुढे २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा स्वमग्न मुलांमध्ये खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या मानाने पाचपट आढळल्या, आणि त्यांच्या आहारात प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं असंही दिसलं. ताटातल्या पदार्थांची संख्या कमी असली की असं होणारच. नुसत्या चार-दोन पदार्थांवर राहिलेल्या अशा मुलांमध्ये ‘क’ जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्ही आढळल्याच्या नोंदी आजच्या काळातही आहेत, आणि तेही सुखवस्तू देशांतल्या.

त्याची आई, म्हणजे माझी बहीण, रात्री लेकरू झोपल्यावर फोन घेऊन बसायची. तिला तिथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जायची: गहू बंद करा, दूध बंद करा, मूल बोलायला लागेल. ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे ओटीच्या, खोलीबाहेर बाकावर बसलेल्या आयांच्या बोलण्यातही तेच. “आम्ही दूध बंद केलंय.” “तुम्ही ग्लूटेन-फ्री सुरू केलं का?” कुणी उंटिणीच्या दुधाची पावडर मागवलेली, कुणी परदेशी गोळ्या. एका सल्लागाराने लेकराला न बघता फोनवरच तक्ता पाठवला. गहू बंद, दूध बंद, साखर बंद, शेंगदाणे बंद. बहिणीने तो मोठ्याने वाचून दाखवला. तिची सासू चुलीजवळून म्हणाली, “मग काय खायचं ओ लेकरानं?”

त्या तक्त्यावर याहून नेमका शेरा मी कुठेही ऐकलेला नाही. शेंगदाणे बंद म्हणजे चटणी बंद. दूध बंद म्हणजे पेला बंद. ताटात उरणार भाकरी आणि भात.

तरीही अशा तक्त्यामागे धावणाऱ्या आईला मी नावं ठेवणार नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर मोठमोठी विद्वान माणसं सांगत होती की आईच्या मायेच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं. ब्रुनो बेटेलहाइम यांनी तर हे मत जगभर पोचवलं. ते मत खोडून काढणाऱ्यांत पुढे होते बर्नार्ड रिमलँड, स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि स्वमग्न मुलाचे वडील. १९६४ साली त्यांनी पुस्तक लिहून मांडलं की हा दोष आईचा नाही, याचं मूळ शरीरात आहे. आयांच्या छातीवरचा दगड त्यांनी उतरवला. पुढे याच रिमलँड यांनी बी-६ जीवनसत्त्वाचे मोठे डोस आणि आहारातले उपाय यांचा हिरिरीने पुरस्कार केला. ज्या माणसाने दोषातून सोडवलं त्याच्या दुसऱ्या म्हणण्यावरही लोकांनी विश्वास ठेवला, यात नवल काय?

गहू-दुधाच्या कल्पनेचा उगम असा. १९७९ साली याक पँकसेप या संशोधकाने सुचवलं की मेंदूतल्या अफूसदृश रसायनांचा स्वमग्नतेशी संबंध असावा. नॉर्वेतले संशोधक रायकेल्ट यांनी ती कल्पना अन्नापर्यंत नेली. गव्हातलं ग्लूटेन आणि दुधातलं केसीन नीट पचत नाही, त्यांचे अर्धवट तुकडे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात आणि तिथे अफूसारखं काम करतात, अशी ती मांडणी. ऐकायला पटते. एखाद्या आईला तर फारच पटते, कारण इथे प्रथमच तिच्या हातात करण्यासारखं काहीतरी येतं. स्वयंपाकघर तिचंच असतं.

पण तपासून पाहिलं तेव्हा आधार मिळाला नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००८ सालच्या आढाव्याला नीट आखलेले दोनच प्रयोग सापडले, त्यांत दोन्ही मिळून ३५ मुलं. अमेरिकेत रॉचेस्टरला १४ लहान मुलांना आधी काटेकोर ग्लूटेन-केसीनविरहित आहारावर ठेवलं, मग आईवडिलांना आणि तपासनिसांना कळू न देता कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही, कधी काहीच नसलेला खाऊ दिला. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले: वागण्यात, झोपेत, शौचात फरक दिसला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने त्याआधीच, २०१३ मध्ये, स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असा वर्ज्य-आहार देऊ नये असं स्पष्ट सांगितलं होतं.

आणखी एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. डुकराच्या आतड्यातून काढलेल्या सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाने मुलं सुधारतात अशी बातमी १९९८ साली पसरली आणि अमेरिकेतले आईबाप त्यासाठी वणवण करू लागले. वर्षभरात ६० मुलांवर नीट चाचणी झाली. सिक्रेटिन दिलेली मुलं सुधारल्यासारखी वाटली आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेली मुलंही तितकीच सुधारल्यासारखी वाटली. औषधाचा काही गुण नव्हता. हे सगळं पालकांना सांगितलं गेलं, तरी ६९ टक्के पालक म्हणाले की आम्हाला अजून सिक्रेटिनमध्ये रस आहे. तो आकडा वाचताना मला ओटीच्या खोलीबाहेरचा तो बाक दिसतो आणि त्यावर बसलेल्यांपैकी कुणाचाही राग येत नाही.

आमच्या सोलापुरात गहू सोडणं फारसं जड नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हुलगे, मटकी एवढं हाताशी असताना महागड्या पाकिटांची गरज कुणालाच नाही. दुधाचं तसं नाही. २००८ साली एका अभ्यासात स्वमग्न मुलग्यांच्या हाताच्या हाडांची जाडी मोजली, ती अपेक्षेपेक्षा कमी भरली, आणि दूध वर्ज्य केलेल्या मुलांमध्ये ती आणखी कमी होती. ज्वारीत कॅल्शियम १०० ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या आतबाहेर. भाकरीवर जगणाऱ्या मुलाचा दुधाचा पेला काढून घेताना हा आकडा डोळ्यांपुढे हवा.

काही मुलांना गव्हाचा खरोखरच त्रास असतो. सिलियाक हा आतड्याचा आजार स्वमग्न मुलालाही होऊ शकतो, आणि तिथे ग्लूटेन सोडणं हेच औषध. अशा घराने तर गिरणीतही बजावून सांगायला हवं की गव्हावर आमची ज्वारी दळू नका. पण त्याची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. आधी गहू बंद केला आणि मग तपासलं तर आजार असूनही तो अहवालात न दिसण्याची शक्यता असते. घाईने ताट रिकामं करणाऱ्याला खरं कारणही सापडत नाही. शिवाय या मुलांचं पोट अनेकदा दुखत असतं, बद्धकोष्ठ असतो, आणि ते सांगता येत नाही म्हणून मूल डोकं आपटतं, ओरडतं. तिथे आहारतत्त्वज्ञानाच्या आधी बालरोगतज्ज्ञाने पोटावर हात ठेवायला हवा.

बहिणीने तो तक्ता बाजूला ठेवला. ओटीच्या ताईंनी सांगितलं की जे खातो त्यालाच धरून पुढे जायचं, एका वेळी एकच बदल, तोही इतका लहान की त्याला तो ओळखीच्या घरातला वाटावा. मग कडक भाकरीच्या ज्वारीत चिमूट चिमूट नाचणी शिरू लागली. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. रंग किंचित काळवंडला तेव्हा त्याने तुकडा उजेडात धरून पाहिला, मोडला, कानाजवळ नेला. आवाज तोच होता. खाल्ला. संक्रांतीच्या दिवसांत चटणीत थोडे भाजलेले तीळ कुटले गेले, तेही चाललं. पुढचा एक प्रयत्न फसला आणि कप्पा दोन्ही हातांनी ढकलला गेला. कुणी रागावलं नाही, जुनी चटणी परत आली.

तेच दिवस सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे. होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, गर्दी, भोंगे, तळणाचा वास. त्याला आम्ही तिकडे नेत नाही. त्याऐवजी एका सकाळी ओळखीच्या शेतावर हुरड्याला नेलं. कोवळी कणसं आगटीत भाजली, बहिणीच्या सासूबाईंनी तळहातावर चोळून गरम दाणे त्याच्यापुढे धरले. त्याने खाल्ले नाहीत. पण हातात घेतले, बराच वेळ चोळले, फुंकर मारून फोलकटं उडवली आणि बोटांचा वास घेतला. ओटीच्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. हात लावणं, वास घेणं, ताटात शेजारी राहू देणं, या खाण्याच्याच पायऱ्या आहेत.

तो अजून भाजी खात नाही. डॉक्टरांनी रक्त तपासून लोहाचं औषध दिलं आहे, वजन-उंचीची नोंद ठेवायला सांगितली आहे. बोलणं त्याच्या गतीने वाढतंय आणि त्याचं श्रेय मी नाचणीला देणार नाही. आहाराने मूल वेगळं होत नाही. पण ज्याचं पोट भरलेलं आहे, ज्याचं हाड मजबूत आहे, ज्याला जेवणाची भीती वाटत नाही, ते मूल शिकायला बसू शकतं.

ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना माझं सांगणं आहे की ताटातला कोणताही पदार्थ काढण्याआधी त्याच्या जागी काय येणार आणि मूल ते खाणार का, हे ठरवा. डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटून विचारा, मुलाला सोबत नेऊन. आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनाही एक विनंती. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, जत्रेच्या जेवणात एखादी आई पिशवीतून मुलाचा डबा काढताना दिसली तर “हा एवढंच खातो का?” असं तिला विचारू नका, त्याच्या तोंडाशी जिलेबी नेऊ नका. शेजारी जागा करून द्या आणि त्याला त्याचा डबा उघडू द्या.