उसनवारीचा उजेड

चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांत ज्यांनी विद्युत-देखभालीच्या खात्यात उमेदवारी केली, त्यांना ट्यूबलाइटविषयी एक गोष्ट पहिल्याच महिन्यात शिकावी लागे. तांब्याच्या चोकवर जळणारी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते, आणि त्या लुकलुकीचा फिरत्या लेथच्या गतीशी नेमका मेळ बसला, तर भरधाव फिरणारा चक जागच्या जागी उभा असल्यासारखा भासतो व कामगाराचा हात निःशंकपणे पुढे जातो. म्हणून शेजारशेजारच्या पट्ट्या निरनिराळ्या फेजवर वाटून द्यावयाच्या. प्रकाशाच्या प्रकरणात डोळ्याची साक्ष ग्राह्य धरू नये, हा धडा मी असा घेतला. तो खऱ्या अर्थाने कामी आला मात्र निवृत्तीनंतर, वाकडच्या घरी, दिवाणखान्यातील चार फुटी काचेच्या टाकीपुढे.

वाकड १९९७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पुढे हिंजवडीच्या संगणक-कारखानदारीने येथील उसाच्या फडांवर इमारती उठविल्या, आणि त्या इमारतींतील सदनिकांमधून, जेथे अंगण नाही व गच्चीवर सोसायटीचा अंमल, तेथे बागेची हौस पाण्यात शिरली. अशा पाणबागांवर दिव्यांची तजवीज करून देण्यासाठी आजवर पुष्कळ घरांतून मला बोलावणे आले, आणि बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: ‘किती वॅट लावू?’

प्रश्नच चुकीचा आहे. मनुष्याच्या डोळ्याला सर्वांत उजळ भासतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळट हिरवा प्रकाश, आणि खोक्यावर छापलेला ल्युमेनचा आकडा हा या डोळ्याच्याच आवडीनिवडीचा जमाखर्च असतो. पानातील हरितद्रव्याची भूक निराळी. ते प्रामुख्याने निळ्यावर आणि ६६० च्या बाजूच्या तांबड्यावर पोसते. तथापि म्हणून केवळ गुलाबी-जांभळ्या उजेडाच्या महागड्या ट्यूबा आणाव्यात, असेही नाही. त्यांच्याखाली मासे जत्रेतल्या चित्रासारखे भडक दिसतात आणि वनस्पतींची वाढ त्या किमतीच्या मानाने काही विशेष होत नाही. मी ग्राहकाला ट्यूबच्या टोकाशी छापलेला अंक वाचावयास शिकवितो. जुन्या धर्तीच्या ३६ वॅटच्या ‘५४’ अथवा ‘७६५’ ट्यूबमधून सुमारे २५०० ल्युमेन निघतात, तर तेवढ्याच विजेत ‘८६५’ ची ट्यूब ३२५० च्या आसपास देते. कारण तिच्या काचेला आतून तीन रंगांच्या निवडक भुकटीचा लेप असतो. पहिला आठ हा रंगांच्या सचोटीचा, आणि पासष्ट म्हणजे ६५०० केल्व्हिन, ढगाळ दुपारच्या उजेडाचा गोरेपणा. कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात मिळणारी ही ट्यूब आणि तिच्यामागे वाकवून बसविलेला चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा, एवढ्यावर निम्म्या तक्रारींचा फैसला होतो.

उरलेल्या निम्म्यांची अडचण खरी असते. माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट खोल. तिच्या झाकणात दोन पट्ट्यांहून अधिक काही मावत नाही, आणि तळाशी रोटाला या पाणवनस्पतीची तांबडी पाने हवीत. नवी बारीक, सोळा मिलिमीटर व्यासाची ५४ वॅटची ट्यूब आमच्या बाजारात दुर्मीळ होती त्या काळी एकच मार्ग उरला, तो म्हणजे आहे त्याच ट्यूबला तिच्या इयत्तेबाहेरचे काम लावणे. प्रतिदीप्त नळीचा स्वभावच उधळ्या. आत पाऱ्याच्या वाफेतून प्रवाह सुरू झाला की तिचा विरोध घटत जातो, आणि लगाम न घातल्यास ती क्षणात स्वतःला जाळून घेईल. चोक हा तो लगाम. दोन ट्यूबांच्या ज्या इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये दोन्हींचे मार्ग स्वतंत्र असतात, त्याच्या दोन्ही तारा एकत्र पिळून एकाच ट्यूबला दिल्या की लगाम निम्मा सैल होतो. दोन वेगळ्या चोकांच्या तारा मात्र कधी जोडू नयेत, त्यांची कंपने एकमेकांशी जुळत नाहीत; आणि तांब्याच्या चोकवर तर हा उद्योग मुळीच करू नये.

वीज जवळजवळ दुप्पट जाते. उजेड दुप्पट होत नाही. माझ्या लक्समापकावर तो दीडपटीच्या घरात आला. (हे यंत्रही मनुष्याच्याच डोळ्याने पाहते, पण एकाच ट्यूबची आधीची व नंतरची तुलना करावयास ते पुरेसे प्रामाणिक आहे.) बाकीच्या विजेचे काय होते, ते झाकणाला हात लावताच कळते. पाऱ्याची वाफ २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडते व भुकटी त्यांचा दृश्य प्रकाश करते. परंतु नळी फार तापली की वाफ दाट होते, आणि तीच वाफ आपले किरण पुन्हा गिळू लागते. सव्वीस मिलिमीटरची ट्यूब पंचवीस अंशांच्या हवेत सर्वोत्तम चालते. वाकडच्या मे महिन्यात बंद झाकणाखाली पंचवीस अंश कोठून आणावयाचे? संगणकातून काढलेला एक छोटा पंखा बसविला, तेव्हा त्याच तारांवर मापकाचा काटा पुन्हा वर सरकला. चोक झाकणाबाहेर भिंतीवर, जोडांवर पाण्याचा थेंब जाणार नाही असा बंदोबस्त, आणि मंडळावर ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच. याविना मी कोणाच्याही घरी हे काम करीत नाही.

हा उजेड उसना असतो. दोन्ही टोकांच्या टंगस्टनच्या वेटोळ्यांवर बेरियम आदींच्या भस्मांचा जो थर असतो, तो जादा प्रवाहाने झपाट्याने उडतो व काचेवर जाऊन बसतो. माझी पहिली ट्यूब चार महिन्यांत टोकांशी काजळी धरलेल्या कंदिलासारखी दिसू लागली.

त्याहून मोठी चूक मात्र ट्यूबची नव्हती. फळ हाती लागले या आनंदात मी दोन्ही ट्यूबा दुप्पट जोडल्या, दहा तास जाळल्या, आणि पाण्यात कर्बद्विप्राणिल वायूची सोय मात्र ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून लांबणीवर टाकली. पहिले चार दिवस अकराच्या सुमारास पानापानांवर प्राणवायूचे मोत्यासारखे बुडबुडे चढू लागले, ते पाहावयास मी शेजाऱ्यांनाही बोलाविले. तिसऱ्या आठवड्यात टाकीचे पाणी वाटलेल्या मुगासारखे हिरवे झाले, आणि आमच्या सौभाग्यवतींनी काचेला नाक लावून विचारले, ‘अहो, मासे आहेत ना आत?’ प्रकाश हा हुकूम आहे, शिधा नव्हे. वाढीचा हुकूम सोडून वायू व खत अडवून ठेवले, की रोपे खोळंबतात आणि त्यांच्या वाट्याचा मुलूख शेवाळ बळकावते. एक ट्यूब साध्या जोडणीवर आणली, मुदत आठ तासांची केली, सिलिंडरातून वायू सोडला, तेव्हा पाणी निवळले.

तेव्हापासून तारा पिळण्याआधी मी टाकीत काय लावावयाचे आहे ते विचारतो. आपल्याच सह्याद्रीच्या ओढ्यांतून, झाडांच्या सावलीत, दगडांच्या फटीत मुळे रोवून क्रिप्टोकोरायनीच्या जाती उभ्या असतात. पावसाळ्यात गढूळ लोंढ्याखाली दिवस काढतात आणि पाणी उतरले की फुलतात. अशा वनस्पतीवर दुप्पट प्रवाहाचा मारा करणे हा तिचा छळ आहे, आणि वीजबिलाचाही. बुटक्या गवतासारख्या गालिच्यासाठी अथवा लाल पानांसाठी, अरुंद झाकण व खोल पाणी असेल तेथेच, आणि तेही दोनांपैकी एकाच ट्यूबला, माझी मंजुरी असते.

आता ट्यूबांचा हा प्रश्नही निकालात निघत चालला आहे. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या २०२३ सालच्या जिनिव्हा परिषदेने या सरळ नळ्या २०२७ पर्यंत बंद करण्याचा ठराव केला, आणि बाजाराने तर त्याआधीच एलईडीच्या पट्ट्यांकडे तोंड फिरविले. माझ्या टाकीवर अद्याप ट्यूबच आहे. तिच्या टोपीवर ती लावल्याची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवण्याची कारखान्यातली सवय सुटलेली नाही. माळ्यावर आणखी तीन आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, सर्व ‘८६५’.