भरल्या घरचा उपास

सातारा हें कंदी पेढ्यांचें गांव, तर सांगलीभोंवतालचा मुलूख उसाचा व गुळाचा. या दोन गोड गांवांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास मधुमेह जडावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा! एकोणीस वर्षांमागें हा पाहुणा आमच्या घरीं आला. त्या दिवसापासून आम्हीं पेढा वर्ज्य केला, साखर सोडली आणि हळूहळू दूध, डाळ व उसळहि सोडली. दोन्ही वेळां मऊ भात व थोडी भाजी, आणि एकादशीस साबुदाण्याची खिचडी, एवढाच आमचा आहार उरला. वजन उतरूं लागलें, तेव्हां तें संयमाचें फळ समजून आम्ही सुखावलों.

पुढें पाटावरून उठतांना भिंतीचा आधार लागूं लागला. चार भिंतींच्या टेकडीवर नित्य जाणारे आम्ही निम्म्या वाटेवरून परतूं लागलों. "वय झालें," या दोन शब्दांनीं आम्हीं घरच्यांचें व स्वतःचेंहि समाधान केलें.

गेल्या कार्तिकी एकादशीस आम्ही सांगलीस धाकट्या बहिणीकडे होतों. सकाळीं नेहमींची गोळी घेतली आणि फराळ न करतांच कृष्णेच्या घाटावर गेलों. पायऱ्या चढतांना अंग घामानें भिजलें, हात कांपूं लागले आणि पाय जागच्या जागीं बसले. भाच्यानें प्रसंगावधान राखून साखरेचें पाणी पाजलें व दवाखान्यांत नेलें. इतकें करूनहि रक्तांतील साखर ५८ भरली. ती ७० च्या खालीं उतरणें धोक्याचें. गोळी पोटांत आणि अन्न नाहीं, याचा तो परिणाम होता.

परंतु डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहींत. सावध झाल्यावर त्यांनीं आम्हांस खुर्चीवर बसवून, हात छातीशीं धरून पांच वेळां उठावयास सांगितलें. यास पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पायांतील बळ ओसरलें असें समजतात. आम्हांस तिसऱ्या खेपेस उठतांच येईना. "काका, वयाला दोष देऊं नका. तुमचे स्नायू उपाशी आहेत," असें ते म्हणाले.

त्यांनीं सांगितलेलें मर्म असें. जेवणानंतर रक्तांत येणाऱ्या साखरेचा मोठा वांटा स्नायू उचलतात आणि त्यांचें दार इन्सुलिन उघडतें. मधुमेहांत तें दार नीट उघडत नाहीं. अंगणांत धान्याच्या राशी आणि घरांत चूल थंड, अशी स्थिति होते. स्नायूंची झीज आवरणें हेंहि इन्सुलिनचेंच काम. तें दुबळें पडलें आणि त्यांतच अन्नांतून प्रथिनें मिळालीं नाहींत, कीं शरीर आपलेच स्नायू मोडून खातें. स्नायू घटले म्हणजे साखर सांठविण्याचीं कोठारें घटतात व ती रक्तांत अधिकच तुंबते. असें हें चक्र! चरकानें प्रमेहाचा एक रोगी स्थूल व बलवान, तर दुसरा कृश व दुर्बळ सांगून, कृशाचें पोषण करावें असें बजावलें आहे. आम्हीं मात्र कृश होऊनहि लंघनच चालविलें होतें.

प्रौढास दर किलो वजनामागें रोज सुमारें १ ग्रॅम प्रथिनें हवींत. वृद्धास व जुन्या दुखणाइतास थोडीं अधिकच. आमचें वजन ५२ किलो, आणि पोटांत जेमतेम २५ ग्रॅम जात होतीं. आतां प्रत्येक जेवणांत घट्ट वरण, मटकीची उसळ अथवा पिठलें असतें. सोबत दूध किंवा ताक. भात थोडा, साबुदाणा क्वचित्. गोळीचें प्रमाण डॉक्टरांनींच बदललें. ज्यांचें मूत्रपिंड अधू आहे त्यांनीं मात्र हा आहार वैद्याच्या सल्ल्यावांचून घेऊं नये.

राहिला व्यायाम. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहतांहि साखर आंत घेतो. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार याच मुलुखांत केला. त्याचा अभिमान आम्ही आजवर बसल्या जागेवरूनच बाळगीत आलों! आतां जेवणानंतर शतपावली व सकाळीं चार नमस्कार घालतों.

त्यास चार महिने झाले. पाटावरून उठतांना भिंत लागत नाहीं. चार भिंतींची टेकडी अद्याप एका दमांत चढवत नाहीं. परंतु निम्म्या वाटेवरून परतणें बंद झालें आहे. घरांतील एखादें वडील माणूस पथ्याच्या नांवाखालीं वाळत चाललें असेल, तर वाचकांनीं त्याच्या संयमाचें कौतुक करण्यापूर्वीं त्याचें ताट पाहावें.