पेटी कोठे ठेवावी?

वाचकहो, घरात नवे कपाट यावयाचे असले म्हणजे आपण आठ दिवस आधीपासून भिंती मोजू लागतो. देव्हारा कोणत्या दिशेस असावा याविषयी वडीलधाऱ्यांचे मत घेतो. परंतु बरेच पैसे मोजून आणलेल्या संगणकाची ती काळी पेटी मात्र, जेथे कोपरा रिकामा दिसेल तेथे सरकवून देतो. आणि पुढे तिच्यावर वर्तमानपत्रे, औषधाच्या बाटल्या, क्वचित प्रसंगी चहाचा कपदेखील ठेवतो.

ह्या पेटीला आपण सर्वजण ‘सीपीयू’ म्हणतो. अनुवाद हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हे नाव मला नेहमी खटकते. सीपीयू म्हणजे गणनेचे काम करणारी ती आतली लहानशी चिप. सबंध पेटीला तिचे नाव देणे म्हणजे छकड्यालाच बैल म्हणण्यासारखे होय. दुकानदार ‘कॅबिनेट’ म्हणतात, तेच अधिक बरोबर. पण मी आपली येथे साधे ‘पेटी’ असेच म्हणते. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा ही पेटी मेजावर आडवी पसरलेली असे व पडदा तिच्या डोक्यावर बसे. पुढे जागा वाचावी म्हणून ती उभी राहिली, आणि उभे राहणाऱ्या प्रत्येकाप्रमाणे तिला पडण्याचे भय उत्पन्न झाले.

हे भय काल्पनिक नव्हे. आमच्या शेजारी अडीच वर्षांचे एक मूल आहे. त्यांची पेटी टेबलाच्या अगदी कडेला होती व तिच्या तारा खाली लोंबत होत्या. मुलाने खेळता खेळता एक तार ओढली. आठ-दहा किलो वजनाचा तो लोखंडी पत्रा मुलापासून वीतभर अंतरावर आदळला. फरशीचा टवका उडाला. मुलाला काही झाले नाही; पण त्याच्या आईचे हात संध्याकाळपर्यंत कापत होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्याच रात्री माझे वडील आमच्या टेबलाची तपासणी करावयास बसले. आम्ही भिलाईचे रहिवासी. सोव्हिएत साहाय्याने येथे उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्याच कारखान्याच्या रेल मिलमध्ये बाबांनी सारी उमेद घालविली. तप्त रूळ ज्याने जन्मभर पाहिले, त्याला जड वस्तू कडेला ठेवलेली सहन होत नाही. त्यांनी प्रथम पेटीकडे पाहिलेच नाही. टेबलाला दोन्ही हातांनी धरून हलविले. ते डुलले. “बाळ, आधी पाय बघ, मग वरचं सामान,” एवढेच म्हणून त्यांनी एका पायाखाली रबराचा तुकडा सारला.

यानंतर खरा वाद झाला. बाबांचे म्हणणे, पेटी जमिनीवर ठेवावी. जमिनीवरून वस्तू पडत नाही. आईचे म्हणणे, टेबलाच्या बाजूला जो बंद खण असतो तो त्यासाठीच असतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, परंतु भिलाईची हवा दोघांच्याही विरुद्ध होती. येथे दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी धूळ आत येतेच, आणि ती प्रथम जमिनीवरच बसते. पेटीतील पंखे समोरून हवा ओढतात व मागून ऊन हवा बाहेर टाकतात. जमिनीलगत ठेवल्यास ते केरसुणीचे काम करू लागतात. शिवाय फरशी पुसताना पाणी लागते ते वेगळेच. खणाचा प्रकार तर त्याहून वाईट, कारण बाहेर टाकलेली ऊन हवा तेथेच कोंडून पुन्हा आत ओढली जाते. पंखा हवेला थंड करीत नाही, उष्णता फक्त वाहून नेतो. मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असेल, तर आतली चिप त्याहून थंड राहणे शक्य नाही. ती फार तापली की आपला वेग कमी करते आणि शेवटी स्वसंरक्षणार्थ यंत्र बंद पाडते. मग आपण वीजमंडळाला दोष देतो!

अखेर पेटी टेबलावरच राहिली, पण भिंतीकडच्या टोकाला, कडेपासून वीतभर आत. मागे हाताचा पंजा सहज जाईल एवढी मोकळी जागा ठेवली. कूलरचा झोत तिच्यावर येणार नाही असे पाहिले, कारण त्या झोताबरोबर पाण्याचे तुषारही येतात. तारा एकत्र बांधून टेबलाच्या मागून नेल्या, म्हणजे त्या लहान हातांना सापडणार नाहीत. प्लग तीन पिनांचाच व अर्थिंग चालू असलेल्या जागी लावला. पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर वाचकांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये, वायरमनला बोलवावे.

आणखी एक गोष्ट मी बाबांना मुद्दाम सांगितली. आमच्या यंत्रात जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. तिच्या तबकड्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावरून जे अंतर राखून तरंगते ते केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असते. यंत्र चालू असताना पेटी सरकविली, किंवा टेबलाला जोराचा धक्का बसला, तर सुई तबकडीला घासू शकते. नव्या एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हे भय नाही. माझे दहा वर्षांचे अनुवाद आणि आजीची उरलेली छायाचित्रे त्या तबकड्यांवर आहेत. त्यांची दुसरी प्रत मी वेगळ्या डिस्कवर, दुसऱ्या खोलीत ठेवते. तरीही झाडताना टेबल ओढू नये, अशी घरात सर्वांना ताकीद आहे.

शेजारच्या बाईंनीही दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावून नेले. ते रबराचे चार तुकडे खिशात घालून गेले.