पुस्तकांतील आजार आणि घरांतील मौन

कादंबऱ्या वाचून तरुण मुलें बिघडतात, हा आक्षेप आमच्या पिढीनें वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला. आतां तीच पिढी तो नातवंडांस ऐकवीत आहे. जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही २०१२ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी मध्यंतरीं माझ्या नातीच्या हातीं आली. सोळा वर्षांची हेझल व सतरा वर्षांचा ऑगस्टस यांच्या प्रीतीची ती कथा; दोघांसही कर्करोगानें गांठलेलें. ‘कोवळ्या वयांत प्रेम, आणि त्यांत मरण! असलें अभद्र वाचन घरांत नको,’ असें मंडळींचें मत पडलें. तेव्हां कोश जवळ घेऊन मींच तें पुस्तक वाचून काढलें.

विषय आपणांस नवा नाहीं. सत्यवान् एका वर्षाचा सोबती आहे, हें नारदमुखानें ऐकूनही सावित्रीनें त्यालाच वरलें, ही वनपर्वांतील कथा घरोघर ठाऊक आहे. परंतु तें वर्षभर सावित्रीनें तें दुःख एकटीनें सोसलें. ज्याचें मरण ओढवलें होतें, त्या सत्यवानास त्याची वार्ताही नव्हती, हें सहसा ध्यानांत येत नाहीं.

आपल्या कुटुंबांतून बहुधा आजही हीच रीत आहे. रोगाचें नांव रोग्याखेरीज सर्वांस ठाऊक! हेतु मायेचाच असतो. पण रोगी तें ओळखतो, आपणांस जपण्यासाठीं तोही गप्प राहतो, आणि एकाच माजघरांत दोन्ही बाजूंनीं सोंग चालतें. हेझलला आपल्या फुप्फुसांची अवस्था ठाऊक आहे; म्हणूनच ती थट्टा करूं शकते, रागावूं शकते, आपल्यामागें आईबापांचें कसें होईल, ही चिंताही बोलून दाखवूं शकते.

आमच्या करमाळ्यास हा रोग परका नाहीं. जवळच्या बार्शीस १९८७ पासून खेड्यांतील कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद होत आली. ग्रामीण भागाकरितां अशी नोंद देशांत प्रथम तेथेंच सुरू झाली. नातीची एक मैत्रीणही वर्षभर याच दुखण्यानें अंथरुणास खिळून आहे. ‘आजोबा, हें पुस्तक तिला देऊं का?’ असें नातीनें विचारलें, तेव्हां घरांत सर्व स्तब्ध झाले.

मी म्हणालों, ‘गोष्ट कशाची आहे, तें आधीं तिला सांग. नको म्हणाली, तर पुस्तक परत आण. पण तिच्याजवळ बसल्यावांचून येऊं नकोस.’

मैत्रिणीनें पुस्तक ठेवून घेतलें. शेवट मात्र सांगूं नकोस, एवढेंच बजावलें.