आईची झोप

केमो सुरू झाली आणि आमच्या आईची झोपच गेली. सलाईननंतरच्या तीन रात्री ती भिंतीला टेकून बसे. आम्ही भावंडे म्हणायचो, "आई, विचार करू नको." ती गप्प राही.

चौथ्या खेपेला धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारले. उलटी होऊ नये म्हणून दिलेली डेक्सामेथासोनची गोळी झोप उडवते. आम्ही ती रात्री जेवल्यावर देत होतो! त्यांनी ती सकाळी न्याहारीनंतर द्यायला सांगितली. त्या खेपेला आई झोपली.

तोंड आले तर मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या, ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला तर रात्र न बघता दवाखाना, हेही तेव्हाच कळले.

दोष आईच्या मनाचा नव्हता. बंधू-भगिनींनो, गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नका. पण विचारायला लाजू नका.