तळीच्या पायरीवर

कोर्टाच्या कामाने डोके शिणले, म्हणजे आम्ही आमच्या गावच्या देवळाच्या तळीवर जाऊन बसतो. तळीत जाळे टाकू नये असा जुना दंडक असल्यामुळे तिथल्या माशांना माणसाचे भय नाही. मूठभर चुरमुरे टाकले की बोटाएवढे शेकडो मासे पायरीशी झुंबड करतात. मरळीचे भय मात्र आहेच. शेवाळाखालून तिचे काळसर डोके पुढे आले रे आले, की तीच विस्कळीत झुंबड क्षणात एकवटते आणि अवघी एका अंगाने वळते.

या वळण्याला कोणी पुढारी नसतो. प्रत्येक मासा शेजाऱ्याकडे पाहून वळतो. शिवाय कुशीवरच्या एका संवेदनशील रेषेने शेजाऱ्याने हलविलेले पाणीही त्याला कळते. इतक्या चकाकत्या अंगांतून नेमकी कोणावर झडप घालावी, असा संभ्रम शिकाऱ्यालाच पडतो. एखादा सापडलाच, तर त्याच्या फाटलेल्या कातडीतून पाण्यात उतरणारे द्रव्य इतरांना सावध करते. मिनो नावाच्या माशांत हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली दाखवून दिले.

विल्यम हॅमिल्टन यांनी १९७१ साली या एकीचे निराळेच मर्म सांगितले. कळपातला प्रत्येक जीव शत्रूच्या आणि आपल्यामध्ये दुसऱ्याला ठेवू पाहतो, आणि या स्वार्थी धडपडीतूनच कळप दाट होतो, असे त्यांचे म्हणणे. वीस वर्षे साक्षीदार जमविण्यात घालविलेल्या वकिलाला हे पटवून द्यावे लागत नाही.

परंतु याच थव्यातून कधी एक-दोन मासे बाहेर पडतात, थांबत थांबत थेट शिकाऱ्याकडे जातात, त्याला न्याहाळतात आणि परततात. मानफ्रेड मिलिन्स्की यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्टिकलबॅक नावाचा लहानसा काटेरी मासा टाकीत एकटाच ठेवला होता. समोर काचेपलीकडे शिकारी मासा, आणि बाजूला आरसा. आरसा सरळ असला की प्रतिबिंबाचा सोबती बरोबरीने पुढे येई. तिरका असला की तो मागे मागे पडे. सोबती बरोबर असता मासा शिकाऱ्याच्या अधिक जवळ जाई. तो मागे पडू लागला की लांबच राही.

तो तिरका आरसा आम्ही स्वतः झालो आहो. काही वर्षांपूर्वी महाजनांच्या सभेत देवस्थानच्या हिशेबाविषयी एक प्रश्न विचारायचा, असे गावचे एक निवृत्त मास्तर आणि आम्ही मिळून ठरविले होते. मास्तर उठले. दोन वाक्ये बोलून त्यांनी आमच्याकडे पाहिले. सभेतल्या निम्म्या मंडळींचे दावे आमच्याकडे होते. आम्ही पिशवीतले कागद चाळीत राहिलो. मास्तर क्षणभर तसेच उभे राहिले आणि खाली बसले. तो प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाही.

परवा संध्याकाळी मास्तर आमच्या आधीच तळीवर आले होते. "या वकीलबाब. आज मरळ दिसत नाही," असे म्हणून त्यांनी चुरमुऱ्यांचा पुडा पुढे केला. येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. तिची नोटीस आमच्या खिशात होती, त्यांच्याही असावी. आम्ही एक पायरी खाली उतरून त्यांच्या शेजारी बसलो.