बारा कोस आणि आठ मिनिटे

दर बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हण तुमच्या परिचयाची आहे. बारा कोस म्हणजे सुमारे ३८ किलोमीटर. पॅरिसहून ल्योंला जाणारी टीजीव्ही ही गाडी ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावते. तिला हे अंतर कापायला आठ मिनिटे पुरतात. ऱ्होन नदीतून दक्षिणेस जाणारी प्रवासी बोट गाठण्यासाठी मी या गाडीने ल्योंपर्यंत गेलो. दोन तासांच्या त्या प्रवासात शेते, चर्चचे मनोरे, पांढऱ्या गाई खिडकीतून सरकत गेल्या. भाषेचे बदलणे मात्र कोठेच जाणवले नाही. पहिल्या सूचनेपासून अखेरच्या सूचनेपर्यंत कानी आली ती एकच प्रमाण फ्रेंच.

वस्तुतः फ्रान्स हा एकभाषी देश कधीच नव्हता. मध्ययुगात ‘होय’ या अर्थी उत्तरेकडे ‘ओइल’ म्हणत, तर दक्षिणेकडे ‘ओक’. या शब्दांवरूनच तेथील दोन भाषासमूहांना नावे मिळाली. १५३९ च्या राजाज्ञेने न्यायालयीन कागदपत्रांसाठी फ्रेंच अनिवार्य केली. राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, आबे ग्रेग्वार यांनी बोलींचे उच्चाटन करण्याची गरज प्रतिपादन करणारा अहवाल मांडला. पुढे कित्येक शाळांत बोलीतला शब्द तोंडून निघालेल्या मुलाला शिक्षेची खूण बाळगावी लागे.

ल्योंहून निघालेली बोट संथ होती. नदीवरील धरणांपाशी ती एका उंच भिंतींच्या कुंडात थांबे. पाणी हळूहळू उतरे आणि मग पुढचे दार उघडे. अशाच एका थांब्यावर दक्षिणेतल्या एका वृद्ध सहप्रवाशाला मी त्यांची मातृभाषा विचारली. “फ्रेंच,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, आवाज उतरवून, त्यांनी पुस्ती जोडली, “आजी मात्र ‘पातुआ’ बोलायची.” ‘पातुआ’ म्हणजे गावंढळ बोली. आजीच्या भाषेला तिचे स्वतःचे नाव होते. नातवाच्या ओठी उरला तो केवळ हिणवणारा शब्द.

त्याच भाषासमूहातील प्रोव्हान्सालमध्ये लिहिणारे कवी फ्रेदेरिक मिस्त्राल यांना १९०४ चे साहित्याचे नोबेल विभागून मिळाले होते. पुरस्काराची रक्कम त्यांनी आर्ल येथे स्वतः स्थापन केलेल्या लोकजीवनाच्या संग्रहालयासाठी खर्च केली. ‘म्युझेओन आर्लातेन’ हे त्याचे प्रोव्हान्साल नाव आजही टिकून आहे. परंतु भाषेला संग्रहालयातील स्थान मिळणे आणि घरातील स्थान टिकणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

प्रमाणभाषा ही वेगवान गाडीसारखी आहे. ती दूरच्या माणसांना जोडते. ही पुस्तिकाही तिच्याच आधाराने तुमच्यापर्यंत पोहोचते. म्हणून तिला नाकारण्याचे कारण नाही. तथापि तुमच्यापैकी कोणी घरी अहिराणी बोलत असेल, कोणी मालवणी, कोणी वऱ्हाडी. हा पाठ संपल्यावर घरातील वडीलधाऱ्यांकडून त्या बोलीतले दहा शब्द ऐका आणि वहीत अर्थासह उतरवून ठेवा. शब्दांच्या वर त्या बोलीचे नाव लिहा. ‘अशुद्ध मराठी’ असे मात्र लिहू नका.